रूळ गेले, वाट राहू द्या

अनेक शहरांच्या पोटातून अशी एखादी पट्टी जाते, जिच्यावर आता गाडी धावत नाही. कुठे रुंदीकरण होताना मार्ग बदलला आणि नॅरोगेजची जुनी पट्टी मागे राहिली. कुठे ती बंद पडलेल्या गिरणीची, जिनिंगची किंवा बंदराची साइडिंग असते. रुळांच्या मधोमध घाणेरी आणि एरंड माजलेला, एका टोकाला राडारोडा, दुसऱ्या टोकाला मुलांचे क्रिकेट. आसपासच्या माणसांनी मात्र ती केव्हाच वापरात घेतलेली असते. भाजी आणायला, शाळेत जायला, पलीकडच्या वस्तीत जायला हाच जवळचा रस्ता.

ही पट्टी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना रीतसर द्यावी, असे कुणाच्या तरी मनात येते. सभा भरते. एखादा आर्किटेक्ट हौसेने रंगीत चित्रे काढून देतो. त्यात झाडे, बाक, कारंजे. वर्तमानपत्रात बातमी येते. आणि चार-पाच वर्षांनी पाहावे तर पट्टीच्या एका तुकड्यावर पार्किंग, दुसऱ्यावर दुकानगाळे, तिसऱ्यावर कुणाच्या तरी सोसायटीचे कुंपण.

खोट चित्रात नसते. कामाचा क्रम उलटा झालेला असतो. रेल्वेच्या पट्टीची खरी किंमत तिच्या सलगपणात आहे. दाट वस्तीतून जाणारी, एका मालकाच्या नावावरची, कित्येक किलोमीटर न तुटलेली जमीन आज भूसंपादन करून जमवायची म्हटली तर कोणत्याही पालिकेला झेपणार नाही. फरशी, दिवे, बाक नंतर केव्हाही बसवता येतात. मधला दोनशे मीटरचा तुकडा एकदा गेला की तो परत मिळत नाही, आणि उरलेली दोन टोके नुसत्या दोन गल्ल्या होऊन बसतात. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत राहा: याने पट्टी सलग राहते का?

या पट्टीचा चढही मोलाचा असतो. रेल्वेला चढ सोसत नाही. भोर घाटातला १:३७ हा रेल्वेच्या हिशेबाने फार कडक चढ. शहराच्या सपाटीवरचे मार्ग साधारणपणे १:१०० पेक्षाही सौम्य असतात. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराची कमाल मर्यादा १:१२ मानली जाते, हे लक्षात घेतले तर फरक कळतो. गुडघे दुखणाऱ्या आजींना, पहिल्यांदा सायकल चालवणाऱ्या मुलाला आणि डबे पोचवणाऱ्या माणसाला इतका सोपा रस्ता शहरात दुसरा सापडणार नाही.

आधी विचारा: गाडी खरेच संपली का?

गाडी बंद आहे म्हणजे मार्ग सोडून दिला आहे, असे नव्हे. विदर्भातल्या यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या ‘शकुंतला’ मार्गाचेच पाहा. ती नॅरोगेज गाडी थांबली, तरी मार्ग ब्रॉडगेज होऊन पुन्हा सुरू व्हावा ही मागणी तिथल्या लोकांनी सोडलेली नाही. अशा ठिकाणी सायकलमार्गाची टूम काढली तर लोकांना तो आपल्या गाडीवर टाकलेला शेवटचा दगड वाटेल, आणि त्यांचे म्हणणे रास्त असेल. जिथे गाडीची गरज आणि आशा जिवंत आहे, तिथे आधी गाडी.

पण ‘गाडी की वाट’ असे भांडण दर वेळी करावेच लागते असेही नाही. अमेरिकेने १९८३ मध्ये कायद्यातच सोय केली: कंपनीला नको असलेला मार्ग मोडून विकायचा नाही, तो पायवाटेसाठी सलग राखायचा आणि पुढे गरज पडली तर रेल्वेला परत द्यायचा. पॅरिसभोवतीच्या ‘पेतीत सँत्यूर’ या ३२ किलोमीटरच्या जुन्या वर्तुळमार्गावर प्रवासी वाहतूक १९३४ मध्ये थांबली. आता त्याचे काही भाग फिरायला खुले झाले आहेत, पण पालिका आणि रेल्वे यांच्यातल्या कराराप्रमाणे रेल्वे पुन्हा येऊ शकेल अशाच बेताने. बऱ्याच ठिकाणी रूळ जागेवरच आहेत आणि लोक त्यांच्या कडेने चालतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल–बाथ मार्गावर बिटन स्थानकाजवळ वाफेची हौशी गाडी आणि सायकलमार्ग शेजारी शेजारी नांदतात.

म्हणून रेल्वेकडे जाताना ‘जमीन आम्हाला द्या’ म्हणू नका. ‘पट्टी तुमचीच राहू द्या, तोवर वापर आम्हाला द्या’ असे म्हणा. सही करणाऱ्या अधिकाऱ्याला हे मान्य करणे सोपे जाते, आणि पट्टीही विकली जात नाही.

जमीन कुणाची, हे कागदावर पाहा

रेल्वे दिसते म्हणजे जमीन रेल्वेची, असे गृहीत धरू नका. शकुंतलेच्या बाबतीत मार्ग ब्रिटिश काळातल्या एका खासगी कंपनीच्या मालकीचा आणि गाड्या भारतीय रेल्वेच्या, अशी व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके चालली. साइडिंगची जमीन कधी कारखान्याची, कधी बंदराची, कधी संरक्षण खात्याची निघते. सिंगापूरच्या पोटातून जाणाऱ्या रेल्वेची जमीन तर शेजारच्या मलेशियाच्या रेल्वेच्या ताब्यात होती. तिच्याबद्दलचा करार १९९० मध्ये झाला. त्याच्या अर्थावरून चाललेला वाद मिटायला २०१० उजाडले.

तेव्हा नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रके काढा, शहराच्या हद्दीबाहेरच्या भागाचे सातबारा काढा. गट आणि सर्व्हे क्रमांकांची एक यादी करा आणि ती नकाशावर उतरवा. मग विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयात माहितीच्या अधिकारात चार प्रश्न विचारा: हा मार्ग अधिकृतपणे बंद झाला आहे का? कोणत्या आदेशाने? यातली कोणती जमीन भाडेपट्ट्याने दिली आहे? कोणती जमीन व्यापारी वापरासाठी रेल्वे भूमी विकास प्राधिकरणाकडे सोपवली आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. स्थानकाजवळचा मोक्याचा तुकडा आधीच गाळ्यांसाठी लावला असेल, तर चित्रे काढण्याआधी तेच कळलेले बरे.

आणि एक खबरदारी. गाडी येत नसली तरी ती जमीन रेल्वेचीच आहे, आणि विनापरवाना प्रवेशाला रेल्वे कायदा १९८९ चे कलम १४७ लागते. लोक रोज जातात हे खरे, पण संस्थेच्या नावाने पन्नास माणसांची फेरी काढायची तर आधी लेखी परवानगी घ्या. त्या अर्जाच्या निमित्ताने अभियांत्रिकी विभागातला जो अधिकारी ओळखीचा होतो, तो पुढे बराच उपयोगी पडतो.

विकास आराखड्यात रेघ उमटली पाहिजे

आयुक्त बदलतात, मुख्याधिकारी बदलतात, नगरसेवक बदलतात. टिकते ती आराखड्यातली रेघ. शहराचा विकास आराखडा नव्याने होत असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ प्रमाणे प्रारूप प्रसिद्ध होते आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. ही मुदत चुकवू नका. सूचना एकट्याची नको. पट्टीलगतच्या शाळा, गृहनिर्माण संस्था, मंडळे, वस्तीतले महिला गट या सगळ्यांनी आपापल्या शब्दांत द्यावी. एकाच मजकुराच्या छापील पाचशे प्रतींपेक्षा वेगवेगळी कारणे सांगणारी पन्नास पत्रे सुनावणीत जास्त कामी येतात. आराखडा आधीच मंजूर असेल तर कलम ३७ खाली फेरबदलाचा मार्ग आहे.

मागणी करताना शब्द नेमके ठेवा. ‘उद्यान’ म्हणून आरक्षण मागितले तर तुकडा तुकडा उद्यान होईल आणि संध्याकाळी फाटक बंद होईल. ‘सलग पादचारी व सायकल मार्ग’ असेच लिहा, सुरुवात आणि शेवट लिहा, किमान रुंदी लिहा. शिवाय आरक्षण पडले म्हणजे काम झाले असे नाही. दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर कलम १२७ खाली मालकाला नोटीस देऊन आरक्षण संपवण्याची वाट मोकळी होते.

हे सगळे गाडी थांबण्याआधी सुरू करता आले तर उत्तम. सिंगापूरच्या नेचर सोसायटीने ‘ग्रीन कॉरिडॉर’चा प्रस्ताव ऑक्टोबर २०१० मध्ये मांडला. शेवटची गाडी सुटली ती ३० जून २०११ च्या रात्री. म्हणजे जमीन मोकळी झाली तेव्हा बिल्डरच्या नकाशाआधी नागरिकांचा नकाशा सरकारच्या टेबलावर होता. रूळ उचलण्यापूर्वी जुलैमध्ये लोकांना त्यावरून चालू दिले गेले. पट्टी डोळ्यांनी पाहिलेली माणसे तिच्या बाजूने उभी राहिली, आणि २४ किलोमीटरची ती वाट तुकडे न होता वाचली.

मोजपट्टी घेऊन चाला

आता पाहणी. पाच-सहा जणांचा गट पुरेसा: एक स्थापत्य अभियंता, एक झाडे ओळखणारी व्यक्ती, एखादा निवृत्त गँगमन किंवा रेल्वे निरीक्षक मिळाला तर सोन्याहून पिवळे, एक लगतच्या वस्तीत राहणारी बाई, आणि शक्य असेल तर चाकाची खुर्ची वापरणारा एखादा माणूस. दर शंभर मीटरवर थांबा आणि पाच गोष्टी टिपा: हद्दीपासून हद्दीपर्यंतची रुंदी, भरावाच्या माथ्याची रुंदी, दोन्ही बाजूंना काय आहे, पाणी कुठून कुठे जाते, आणि लोक कुठून आत शिरतात.

रेल्वेच्या हद्दीचे दगड गवतात शोधा. कुंपण कुठे सरकले आहे ते त्या दगडावरूनच कळते. एकेरी ब्रॉडगेजच्या भरावाचा माथा साधारण सहा ते आठ मीटर भरतो. नॅरोगेजचा त्याहून बराच कमी. सायकल आणि चालणारे यांना वेगळी जागा देता येईल की एकच वाट वाटून घ्यावी लागेल, हे या आकड्यावर ठरते.

लोक शिरतात त्या जागांची नोंद सर्वांत मोलाची. भिंतीतले भगदाड, वाकवलेला रूळ, मातीत पडलेल्या पायऱ्या: शहराने स्वतःच प्रवेशद्वारे आखून ठेवलेली असतात. शिकागोच्या ब्लूमिंगडेल मार्गावर, म्हणजे २०१५ मध्ये खुल्या झालेल्या ‘६०६’ वर, ४.३ किलोमीटरच्या उंच भरावाला बारा ठिकाणी रस्ते जोडले आहेत. वर चढायलाच लांब जावे लागले तर माणूस खालच्या गर्दीतूनच जाईल. साधारण चारशे-पाचशे मीटरला एक प्रवेश, आणि तोही पायऱ्यांचा नव्हे तर उताराचा, हे धोरण ठेवा.

खरी परीक्षा फाटकावर

गाडी यायची तेव्हा गेटमन फाटक पाडायचा आणि अख्खे शहर थांबायचे. आता त्याच जागी चालणाऱ्याने थांबायचे असते, आणि इथेच बहुतेक सायकलमार्ग मरतात. दोन किलोमीटर सुंदर वाट आणि मग चौपदरी रस्ता, ज्यावर बसच्या मागून रिक्षा येते. आई मुलाला तिथून पुढे पाठवणार नाही. मग तिच्यापुरती वाट तिथेच संपली.

म्हणून अंदाजपत्रकात आधी क्रॉसिंगचा पैसा काढा, उरेल त्यात बाक बसवा. छोट्या रस्त्यावर वाट खाली उतरवू नका. रस्ताच वाटेच्या पातळीला उचला, म्हणजे गाड्यांचा वेग आपोआप पडतो. मोठ्या रस्त्याच्या मध्ये दोन मीटरचा तरी थांबा हवा, म्हणजे सायकल आडवी मावते. सिग्नल असेल तर वाटेवरच्या माणसाला दोन मिनिटे ताटकळत ठेवू नका. तो थांबत नाही, धावतो. जुना रेल्वेपूल असेल तर तो जिवापाड जपा. गाडीचे ओझे पेललेल्या पुलाला सायकली आणि माणसे जड नाहीत. मात्र तपासणी हवी, स्लीपरमधल्या मोकळ्या जागांवर पक्की जमीन हवी आणि सायकलस्वाराला पुरेल असा दीड मीटरच्या आसपासचा कठडा हवा. सिंगापूरने रूळ उचलले, पण बुकित तिमा भागातले दोन्ही लोखंडी पूल राखले. आज वाट रस्त्यांवरून जाते ती त्यांच्याच बळावर.

दुचाक्यांचे काय, हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. स्कूटर अडवेल इतका अरुंद अडसर लावला की चाकाची खुर्ची, तीनचाकी सायकल आणि हातगाडीही अडते. खुर्चीला निदान ९० सेंटीमीटर मोकळे लागतात. निव्वळ लोखंडाने हा प्रश्न सुटत नाही. प्रवेशाशी माणूस हवा: चहाची टपरी, पंक्चरवाला, फुलवाली. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली नेमलेल्या नगर पथविक्रेता समितीशी आधीच बोलून अशा जागा ठरवा. ज्याचा धंदा वाटेवर अवलंबून आहे तो स्कूटरवाल्याला हटकतो, आणि रात्री एकटीने जाणाऱ्या बाईला त्याच्या दिव्याचा आधार वाटतो.

पायाखाली काय आहे

मे महिन्याच्या उन्हात जुन्या लाकडी स्लीपरवर हात ठेवून पाहा: काळपट चिकट तेल बोटांना लागते. ते क्रिओसोट, लाकूड कुजू नये म्हणून मुरवलेले. असे स्लीपर शेकोटीत जाळू नयेत, मुलांच्या खेळाच्या जागेत लावू नयेत, त्यांचे बाक करू नयेत. रेल्वेच्या पट्टीत तणनाशके, इंजिनाचे तेल, कोळशाची राख वर्षानुवर्षे पडलेली असते. जिथे इंजिने उभी राहायची, माल उतरायचा, तिथली माती प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिसे, आर्सेनिक आणि तेलकट संयुगे पाहायला सांगा. दोष निघाला तर घाबरून प्रकल्प सोडायचा नाही. ती माती उकरून न उधळता वर स्वच्छ थर आणि पक्की वाट, हा बऱ्याच ठिकाणी वापरलेला उपाय आहे. तिथे भाजीपाला मात्र लावू नका.

खडी फेकू नका. तिच्यातून पाणी झरते. चाळून, दाबून तिचाच पाया करता येतो. वर काय टाकायचे ते वापरावर ठरवा. रोज कामाला जाणाऱ्या सायकली जास्त असतील तर डांबर किंवा काँक्रीट. पेव्हर ब्लॉकवर सायकलची हाडे खिळखिळी होतात आणि दोन पावसाळ्यांत ब्लॉक खचतात. शिकागोत मधोमध दहा फूट काँक्रीट आणि दोन्ही कडांना दोन-दोन फूट मऊ पट्टी आहे. धावणारे आपसूक कडेला जातात. एकच सामाईक वाट असेल तर तीन मीटरपेक्षा कमी करू नका. गर्दी अपेक्षित असेल आणि रुंदी मिळत असेल तर चालणारे वेगळे, सायकल वेगळी. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध हाय लाइनचे फोटो दाखवून सायकलमार्ग मागणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की तिथे सायकल चालवायला बंदी आहे. ती सुरेख बाग आहे, वाहतुकीचा मार्ग नव्हे. आपल्याला दोन्हींपैकी काय हवे ते आधीच ठरवा.

पाणी विसरू नका. रेल्वेचा भराव म्हणजे शहरातला लांबलचक बांध. त्यातल्या मोऱ्या बुजल्या की एका बाजूची वस्ती पाण्यात. पाहणीत सापडलेली प्रत्येक मोरी नकाशावर घ्या आणि पावसाळ्याआधी साफ करण्याचे काम कुणाचे, हे लिहून ठेवा. वड-पिंपळ मोरीच्या तोंडाशी नकोत. कडेने कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण चालतील. आपोआप वाढलेली मोठी झाडे तोडण्याची घाई नको. वाट त्यांना वळसा घालू शकते, आणि तोडायचीच तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

आणि ज्यांना ज्यांना खोदायचे आहे त्यांना आधी खोदू द्या. जलवाहिनी, मलवाहिनी, वीज, फायबर: सगळ्यांना लेखी विचारा. सलग पट्टी त्यांनाही हवी असते, आणि त्यातून पैसाही उभा राहतो. सिंगापूरने ‘मर्नेन’ जलवाहिनी या पट्टीखालून नेली आणि नंतर त्यावर वाट केली. मध्यभागाचे चार किलोमीटर २०२१ मध्ये खुले झाले. नवा रस्ता झाला की आठवड्यात केबलवाला कुदळ घेऊन हजर, हा आपला नेहमीचा अनुभव इथे टाळता येतो.

पट्टीवर राहणारी माणसे

शहरातली मोकळी पट्टी सहसा मोकळी नसते. मुंबईत तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकल व चालण्याचा मार्ग आखला गेला. जलवाहिनीलगतच्या झोपड्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने हटवल्या गेल्या आणि कित्येक कुटुंबे माहुलला पाठवली गेली. तिथल्या प्रदूषणाच्या तक्रारी पुन्हा न्यायालयात गेल्या. ही रेल्वेची पट्टी नव्हे, पण धडा तोच: ज्यांची घरे जातात त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला फेकून केलेल्या वाटेवर लोकांचा विश्वास बसत नाही. पाहणीतच घरांची आणि धंद्यांची नोंद करा, वाट वळवून किती घरे वाचतात ते पाहा, आणि उरलेल्यांचे पुनर्वसन जवळपास, काम सुरू होण्याआधी व्हावे, ही अट तुमच्या निवेदनातच घाला. ती नंतर घुसवता येत नाही.

दुसरा धोका उलट दिशेने येतो. वाट चांगली झाली की लगतच्या जागांचे भाव चढतात आणि जुने भाडेकरू हलतात. अटलांटाची ३५ किलोमीटरची ‘बेल्टलाइन’ १९९९ मध्ये रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने प्रबंधात मांडली. पुढे प्रकल्पाने ५,६०० परवडणारी घरे बांधायचे ठरवले. पण घरांच्या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही म्हणून २०१६ मध्ये खुद्द ग्रॅव्हेल त्याच्याशी निगडित संस्थेच्या मंडळातून बाहेर पडले. शिकागोत ‘६०६’ च्या भोवती भाव इतके चढले की २०२१ मध्ये पालिकेला जुन्या बहुकुटुंबी इमारती पाडण्यावर बंधने आणावी लागली. आपल्याकडेही लगतच्या जादा चटईक्षेत्राची चर्चा वाटेच्या चर्चेबरोबरच सुरू होईल. तिथे कुणाला काय मिळणार, हे त्याच सभेत विचारा.

सांभाळणार कोण

आमदार-खासदार निधीतून बांधकाम होते, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून बाक आणि फलक येतात. झाडू मारायला, गवत कापायला, दिवा बदलायला पैसा कुणी देत नाही. म्हणून पहिल्याच ठरावात देखभालीचे स्वतंत्र लेखाशीर्ष मागा. हाय लाइन पालिकेच्या मालकीची आहे, पण तिचा चालवण्याचा जवळजवळ सगळा खर्च ‘फ्रेंड्स ऑफ द हाय लाइन’ ही संस्था देणग्यांतून उभा करते. इतका पैसा प्रत्येक शहरात जमणार नाही, पण करारात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: पालिका काय करणार, रेल्वे काय करणार, नागरिकांची समिती कशावर लक्ष ठेवणार.

समिती वाट झाल्यावरही टिकली पाहिजे. ब्रिस्टल–बाथ मार्ग १९७९ पासून स्वयंसेवकांनी खपून टप्प्याटप्प्याने उभा केला. २००८ मध्ये त्याच्या ब्रिस्टलकडच्या भागावरून जलद बस नेण्याची योजना निघाली. सलग पट्टीवर कुणाची ना कुणाची नजर असतेच. रोज तिथून जाणारे लोक उभे राहिले आणि योजना मागे पडली.

पहिल्या वर्षाचे काम

१. पहिले तीन महिने: मालमत्ता पत्रके, माहिती अधिकारातली उत्तरे, रेल्वेकडून पाहणीची परवानगी.

२. पुढचे तीन महिने: शंभर-शंभर मीटरची पाहणी. उन्हाळ्यात एकदा, भर पावसात एकदा. पावसातली चुकवू नका. पाणी कुठे तुंबते ते तेव्हाच दिसते.

३. त्यानंतर वस्तीनिहाय बैठका. मोठ्या सभागृहात नव्हे, पट्टीलगतच्या समाजमंदिरात, संध्याकाळी, बायकांना जमेल अशा वेळी.

४. मग आराखड्यासाठी सूचना किंवा फेरबदलाचा अर्ज, आणि रेल्वेकडे वापराच्या कराराचा प्रस्ताव.

५. वर्षअखेर एका किलोमीटरवर साधी मुरमाची वाट आणि एक पक्के क्रॉसिंग. सुरुवातीचा किलोमीटर शाळा, बाजार किंवा बसथांबा जोडणारा निवडा. रविवारी फिरायचा नव्हे, सोमवारी सकाळी लागणारा.

सिंगापुरातल्या मराठी वाचकांनी हा क्रम हातात घेऊन बुकित तिमा स्थानकापासून तासभर चालून पाहावे. काय जमले आणि काय राहिले ते लगेच कळेल. इथल्या वाचकांना एवढेच सांगायचे, की हाताशी पैसे फक्त एकाच कामापुरते असतील तर ते चित्रांवर आणि फलकांवर घालवू नका. भूमी अभिलेख कार्यालयात रेल्वेच्या संमतीने हद्दीच्या मोजणीसाठी अर्ज करा, आणि मोजणी झाल्यावर जुन्या हद्दीच्या दगडांना चुना फासून घ्या.